नोव्हेंबरमध्ये आईला घेऊन क्योतो, मदत हवी आहे
नमस्कार मंडळी, नोव्हेंबरच्या शेवटी आईला घेऊन क्योतोला जातोय, लाल झालेले मेपल बघायचं तिच्या फार वर्षांपासून मनात आहे पण गुडघे दुखतात, जास्त पायऱ्या जमत नाहीत. तोफुकुजी मंदिराच्या त्सूतेनक्यो पुलावरून खाली घळभर लाल पानं दिसतात ते तिला दाखवायचंच आहे, सकाळी उघडल्या उघडल्या गेलं तर गर्दी कमी असते का? क्योतोतल्या अराशियामा भागाची, होझुगावा नदीच्या दरीतून जाणारी तोरोक्को ही पर्यटकांची ट्रेन बरी वाटतेय, साधारण 25 मिनिटं बसल्या जागी सगळं दिसतं, तिकीट किती दिवस आधी काढलंत? क्योतोतल्या एइकानदो मंदिराचं रात्रीचं लायटिंग की कानाझावा शहरातली केनरोकुएन बाग, एकच जमेल. आईने वहीत पिंपळाच्या जाळीदार पानाशेजारी मेपलसाठी जागा आत्ताच ठेवलीये, अनुभव असेल तर प्लीज सांगा.