मदत हवी आहे: वैरणीत कण्हेरीची वाळलेली पानं गेली, घोडीला शूळ

अबलख:
कुरणाच्या कुंपणाला कण्हेर आहे. परवा छाटणी झाली, फांद्या तिथंच वाळल्या आणि आज काही पानं वैरणीत सापडली. घोडी ४०० किलोची. सकाळपासून चारा सोडलाय, लीद पातळ, सारखी कुशीकडे बघते. फिरवू का? तेल पाजू का? कुंपणाला एरंड, धोतरा, घाणेरीही आहे.

पागावैद्य:
फिरवू नका, काही पाजू नका. पशुवैद्यांना आत्ता फोन करा आणि पहिल्याच वाक्यात ‘कण्हेर’ म्हणा. शुळात नेहमी देतात त्यांतली काही शामक औषधं हृदय आणखी मंद करतात. सलाईनमध्ये कॅल्शियम, पोटॅशियम घालायचं का, हेही त्यावरच ठरतं. हे विष थेट हृदयाच्या ठोक्यांवर जातं, म्हणून चालवणं धोक्याचं. घोड्याला उलटी होत नाही आणि तोंडानं ओतलेलं तेल फुफ्फुसात जाऊ शकतं. उपयोग होतो तो औषधी कोळशाचा: किलोमागे साधारण १ ग्रॅम, म्हणजे तुमच्या घोडीला ४०० ग्रॅमच्या आसपास, पाण्यात कालवून नाकातल्या नळीनं. नळी डॉक्टरच घालतील.

तोवर डाव्या कोपरामागे स्टेथोस्कोप लावून पूर्ण ६० सेकंद ठोके मोजा. १५ सेकंद मोजून चौपट केलेत तर चुकणारे ठोके निसटतील. उभ्या, शांत घोड्यात २८ ते ४४ असतात.

अबलख:
डॉक्टर निघालेत. ठोके ५६, मधूनच एखादा चुकतो. घोडी ठाणावर बांधली, वैरण उचलली.

पागावैद्य:
ती वैरण फेकून देऊ नका. मूठभर पानांसह पिशवीत ठेवा, डॉक्टरांना दाखवा.

खरारा:
हिरवी कण्हेर कडू, त्यामुळे घोडी सहसा तोंड लावत नाही. वाळून गवतात मिसळली की खाल्ली जाते, आणि विष तसंच राहतं. मूठभर पानं मोठ्या घोड्याचा जीव घेऊ शकतात. म्हणून कुंपणाजवळ नुसती छाटणी करत राहू नका, मुळासकट काढा. घोडी दुसरीकडे हलवा, खाली ताडपत्री अंथरा, हातमोजे घाला, पानन् पान गोळा करा. जाळू नका, धूरही बाधतो. हौदात पानं पडली असतील तर सगळं पाणी काढून टाकून हौद धुवा.

एरंडाचं विष बियांत जास्त. लक्षणं काही तासांनी किंवा एकदोन दिवसांनीही दिसतात, म्हणून ‘खाऊन झालं, काही झालं नाही’ यावर विसंबू नका. धोतऱ्यानं बाहुल्या मोठ्या होतात, आतडं थंडावतं, लीद अडते. घाणेरी यकृतावर जाते. फसवं मात्र खुळखुळा हे रानझुडूप: यकृत हळूहळू खराब करतं, लक्षणं कित्येक आठवडे, कधी महिन्यांनी दिसतात. ते कुरणात आहे का, तेही बघून घ्या.

अबलख:
त्याच गंजीतलं गवत दुसऱ्या दोन घोड्यांनाही गेलंय. दोघं व्यवस्थित खातात.

पागावैद्य:
त्यांचंही गवत बदला, कामाला जुंपू नका आणि ठोके आत्ताच मोजून लिहून ठेवा. दर तासाला मोजा, रात्रीही. एकाचेही ठोके चुकले तर डॉक्टर तिथं असतानाच दाखवा.