मदत हवी आहे : नवऱ्याचा सिबिल खराब, प्लॉट दोघांच्या नावावर. माझ्या एकटीच्या नावावर घराचं कर्ज होईल का?

नमस्कार मंडळी,

मी यवतमाळ जिल्ह्यात एका उपकेंद्रावर आरोग्य सेविका आहे. जिल्हा परिषदेची कायम नोकरी, सगळं कापून हातात ४१ हजार येतात. ह्यांची साडेचार एकर कोरडवाहू शेती, कापूस आणि तूर. तालुक्याच्या गावी ले-आउटमध्ये आम्ही दीड हजार फुटांचा एनए प्लॉट घेऊन ठेवला आहे. खरेदीखत दोघांच्या नावावर. मुलीचं पुढचं शिक्षण तालुक्यालाच होणार आणि गावातलं मातीचं घर दर पावसाळ्यात गळतं, म्हणून आता बांधायला काढायचं ठरवलं. इंजिनिअरने १९ लाखांचं एस्टिमेट दिलं. चारेक लाख जवळ आहेत, १५ लाख कर्ज हवं.

माझा पगार ज्या बँकेत होतो तिथेच गेलो. मॅनेजरने दोघांचे पॅन टाकले. माझा सिबिल स्कोअर (आधीची कर्जं कशी फेडली त्यावरून मिळणारे गुण) ७७८, ह्यांचा ५८४. साहेब म्हणाले, "मॅडम, तुमचं एकटीचं असतं तर काही अडचण नव्हती. पण प्लॉटवर मिस्टरांचं नाव आहे, त्यांना सह-अर्जदार घ्यावंच लागेल, आणि त्यांना घेतलं की फाईल वर जाणार नाही."

रिपोर्ट मी घरी नीट वाचला. खराब दोनच गोष्टी आहेत.

एक, पीककर्ज. २०१७ ला बोंडअळीने पूर्ण कापूस गेला, तेव्हाचं १ लाख ३४ हजारांचं कर्ज थकलं. ते २०२० मध्ये महात्मा फुले कर्जमुक्तीत बसलं, यादीत नाव आलं, अंगठा लावून आधार प्रमाणीकरण केलं, बँकेने निल दाखला (बाकी काही नाही असा) दिला. त्यानंतर त्याच शाखेने नवीन पीककर्जही दिलं आणि ते आम्ही दरवर्षी ३१ मार्चच्या आत भरतो. तरी रिपोर्टमध्ये त्या जुन्या खात्यापुढे 'रिटन ऑफ', म्हणजे बुडीत, असं आहे.

दुसरी, ट्रॅक्टर. माझ्या चुलत दिरांनी एका फायनान्स कंपनीकडून ट्रॅक्टर घेतला, हे जामीनदार. हप्ते थकले, कंपनीने ट्रॅक्टर ओढून नेऊन विकला, वरचे ८७ हजार बाकी दाखवतात. रिपोर्टमध्ये महिन्यामहिन्याचे चौकोन असतात, त्यात या खात्याचे सगळे लाल. आता कंपनीचा माणूस फोन करतो की ४५ हजारांत सेटलमेंट, म्हणजे कमी पैशांत तडजोड, करून देतो.

ह्यांनी आजवर कुणाचा रुपया बुडवला नाही. दुकानदाराची उधारी कापूस विकल्याच्या दिवशी देणारा माणूस आहे. त्या दिवशी मॅनेजरसमोर ते खुर्चीवर बसलेसुद्धा नाहीत, उभेच राहिले. तेव्हापासून म्हणतात, तू तुझ्या नावावर काय ते कर, माझं नाव काढून टाक. मला ते नाव काढायचं नाही, पण घर तर व्हायला पाहिजे.

म्हणून विचारते. त्यांचा स्कोअर माझ्या कर्जाला आडवा येतो तो कायद्याने की बँकेच्या नियमाने? प्लॉटमधला त्यांचा अर्धा हिस्सा माझ्या नावावर बक्षीसपत्राने केला तर जमेल का? आणि ही ४५ हजारांची सेटलमेंट करावी की नाही? एक आवास कंपनी सिबिल न बघता कर्ज देते असं सांगतात, पण व्याज बँकेपेक्षा बरंच जास्त आहे.

घरकुलाचं कृपया सुचवू नका, माझी सरकारी नोकरी असल्याने आम्ही त्यात बसत नाही.

——

प्रतिसाद (निवृत्त बँक अधिकारी, अकोला)

ताई, आधी मनातली एक भीती काढा. आपल्याकडे नवरा-बायकोचा सिबिल एकत्र नसतो. प्रत्येकाच्या पॅनवर वेगळा. त्यांच्या थकबाकीने तुमचे ७७८ कमी होत नाहीत. अडचण फक्त प्लॉटच्या मालकीची आहे. गहाणखतावर प्रत्येक मालकाची सही लागते, आणि मालक असेल त्याला सह-अर्जदार करायचं हा जवळपास सगळ्याच बँकांचा स्वतःचा नियम आहे. अमुक स्कोअरच्या खाली कर्ज देऊ नका असं रिझर्व्ह बँकेने कुठेही म्हटलेलं नाही. पीककर्जाला सिबिल मागू नका असं सरकार बँकांना सांगत असतं, ते मात्र गृहकर्जाला लागू नाही. मॅनेजरशी त्यावरून वाद घालू नका.

पीककर्जाची नोंद तर सरळ चुकीची दिसते. कर्जमुक्तीचे पैसे शासनाने बँकेला भरले, मग ते खातं 'क्लोज्ड' हवं. सिबिलच्या साइटवर डिस्प्यूट टाका, फी लागत नाही. सोबत शाखेला लेखी अर्ज द्या. निल दाखला आणि विशिष्ट क्रमांक असलेली आधार प्रमाणीकरणाची पावती जोडा, अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या. ३० दिवसांत निकाल लावायचा असतो, उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा आदेश २०२३ चा आहे. नाही ऐकलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार. आणि एक, कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या चार कंपन्यांपैकी सिबिल ही एकच. इक्विफॅक्स, एक्स्पेरियन, क्रिफ हायमार्क यांचेही रिपोर्ट वर्षाला एकदा फुकट मिळतात. तिथेही तीच चूक असेल तर तिथेही दुरुस्ती मागा, कारण तुमची पुढची बँक कुठला रिपोर्ट काढेल सांगता येत नाही.

——

प्रतिसाद (शेतकरी, अमरावती जिल्हा)

ताई, ट्रॅक्टरच्या जामीनकीत मी बी असाच अटकलो होतो. फोनवाल्याचं आयकू नका. म्या सेटलमेंट केली, पैसे भरले, अन् रिपोर्टात 'सेटल्ड' लिहून आलं. ब्यांकवाले म्हणते हे तं थकीतासारखंच हाये. मंग काहून केली सेटलमेंट असं झालं मले. ज्याचं कर्ज त्याले पह्यले बसवा, चार नातेवाईक घेऊन बसवा. भाऊजींनी एकट्यानं काहून भरावं? तुमच्या घरच्यांनी मान खाली घालाची काही गरज नाही जी. जामीन राह्यनं म्हंजे चोरी नोहे.

——

प्रतिसाद (वकील, वर्धा)

बक्षीसपत्राची घाई करू नका. पत्नीला राहतं घर किंवा शेती बक्षीस दिली तर महाराष्ट्रात मुद्रांक २०० रुपये आहे, वर स्थानिक उपकर आणि नोंदणीचा खर्च. मोकळ्या प्लॉटला ही सवलत लावतात का ते दुय्यम निबंधकांकडे आधी विचारा. पण माझा मुद्दा खर्चाचा नाही.

करार कायद्याच्या कलम १२८ नुसार जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. तुमच्या मिस्टरांवर आज ८७ हजारांची मागणी उभी आहे. अशा वेळी त्यांनी आपला हिस्सा पत्नीच्या नावे केला, तर घेणेकऱ्याला चुकवण्यासाठी केलं असं म्हणून कंपनी ते बक्षीसपत्र कोर्टात रद्द करायला मागू शकते. मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ५३ त्यासाठीच आहे. रक्कम लहान आहे, तरी बँकेच्या पॅनेलवरच्या वकिलाने सर्च रिपोर्टमध्ये (मालकीच्या कागदांच्या तपासणीत) एवढी शंका काढली की फाईल तिथेच थांबते. आधी देणं मिटवा.

मिटवताना कंपनीकडून खात्याचा पूर्ण उतारा लेखी मागा. ट्रॅक्टर किती किमतीला विकला आणि ती रक्कम कर्जात जमा केली का, हे त्यातच दिसेल. अशा बाकीतले बरेच पैसे मला अनेकदा नुसते दंड आणि वसुलीचे चार्जेस निघालेले दिसतात, ते कमी करून मागता येतात. पैसे चेकने किंवा खात्यातूनच भरा. पत्रावर "कर्ज पूर्ण फेडले, बाकी शून्य, खाते बंद" असे शब्द हवेत. तुमच्या मिस्टरांनी जे भरलं ते त्यांना चुलत भावाकडून वसूल करण्याचा हक्क आहे, कलम १४५. नात्यात कोर्टात जाऊ नका, पण स्टॅम्पवर लिहून तरी घ्या.

——

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री ह्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. अमरावतीच्या दादांचा प्रतिसाद दोनदा वाचायला लावला.

दिरांशी बोलणं झालं. तूर निघाली की ते ४० हजार देतो म्हणालेत, बाकीचे आम्ही आमच्या चार लाखांतून घालू. कंपनीला उताऱ्यासाठी ईमेल केला आहे. पीककर्जाचा अर्ज उद्या शाखेत देते. आधार प्रमाणीकरणाची पावती सापडली, सासूबाईंनी पोथीत जपून ठेवली होती.

बक्षीसपत्र आता करत नाही. एकच राहिलं : हे सगळं झालं तरी ह्यांचा स्कोअर लगेच ७५० होणार नाही ना? मग तेवढे दिवस थांबायचं का? दुसऱ्या बँकांत फाईल टाकून बघू का?

——

प्रतिसाद (निवृत्त बँक अधिकारी, अकोला)

फाईल कुठेही टाकू नका. प्रत्येक बँकेने चौकशी केली की ती रिपोर्टमध्ये दिसते आणि तुमचा चांगला स्कोअर उगाच खाली येतो. स्वतः बघितल्याने काही होत नाही.

२०२५ पासून बँका आणि फायनान्स कंपन्यांना सिबिलसारख्या कंपन्यांकडे किमान दर पंधरा दिवसांनी माहिती पाठवावी लागते, त्यामुळे खातं बंद झाल्याची नोंद महिन्याभरात दिसावी. मागचे लाल चौकोन मात्र राहतील. स्कोअर हळूहळूच वर जाईल, ७५० ची वाट पाहू नका. थकबाकी शून्य आणि रिटन ऑफ निघालं की तुमच्याच पगाराच्या बँकेत परत जा. कर्जाची ऐपत फक्त तुमच्या पगारावर धरा, मिस्टर केवळ मालक म्हणून सह-अर्जदार, असं अर्जातच लिहून मागा. १५ लाखांना साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांचा हप्ता १३ हजारांच्या आसपास बसतो, तुमच्या पगाराला तो जड नाही. सोबत निल दाखला, कंपनीचं पत्र आणि पीककर्ज वेळेवर भरल्याचा खातेउतारा लावा. शाखेच्या अधिकारात बसत नसेल तर मॅनेजर अशी फाईल शेऱ्यासह क्षेत्रीय कार्यालयात पाठवू शकतात, आम्ही पाठवायचो. तिथून नकार आला तर तो लेखी घ्या. मग तोवर देणं मिटलेलं असेल, तेव्हा बक्षीसपत्राचा विचार वकीलसाहेबांना विचारून करता येईल.

आवास कंपनीकडे त्यानंतरच बघा. आणि या वेळी बँकेत मिस्टरांना सोबत न्या, कागदांची फाईल त्यांच्याच हातात द्या.

——

धागाकर्ती

नेते. कंपनीचा उतारा आला की आकडे इथेच टाकते, वकीलसाहेबांनी तेवढे बघावेत ही विनंती.