हायब्रिड म्हटलं की गाडीवेडे नाक का मुरडतात?

तिसरा_गिअर

गाड्यांचं वेड असलेल्या कुणासमोरही हायब्रिडचं (इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेल्या गाडीचं) नाव काढा, उत्तर ठरलेलं: "नुसती अ‍ॅव्हरेजची गाडी, चालवण्यात राम नाही." माझ्या मते बदनामी केली एका जातीच्या गाड्यांनी आणि भोगतायत दुसऱ्याच. २०१५ मध्ये मारुतीच्या सियाझ डिझेलला 'एसएचव्हीएस' हा सुझुकीचा हायब्रिड बिल्ला लागला, मग एर्टिगालाही. आत होतं काय? बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरच्या जागी बेल्टवर फिरणारा स्टार्टर-जनरेटर. सिग्नलला इंजिन बंद करायचं, सुटताना किंचित हातभार लावायचा, बस्स. निव्वळ मोटरवर ती गाडी फूटभरही सरकत नाही. २०१७ मध्ये केंद्राने असल्या 'माइल्ड' हायब्रिडचं फेम (इलेक्ट्रिक-हायब्रिड गाड्यांसाठीची योजना) अनुदान बंद केलं, पण तोवर हायब्रिड म्हणजे हेच असं लोकांच्या डोक्यात बसलं होतं.

निव्वळ मोटरवरही चालू शकणाऱ्या स्ट्राँग हायब्रिडचं प्रकरण निराळं. टोयोटाची हायरायडर किंवा मारुतीची ग्रँड विटारा घ्या, यंत्रणा एकच. नाव 'ई-सीव्हीटी', पण नेहमीच्या सीव्हीटी ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधला बेल्ट नाही, पुली नाही, क्लचही नाही. एक प्लॅनेटरी गिअरसेट: मधल्या सन गिअरला जनरेटर, कॅरिअरला इंजिन, बाहेरच्या रिंगकडून चाकं, आणि मोटरही त्याच बाजूला. वेगळा स्टार्टर नाही, अल्टरनेटर नाही. सायन-दादरच्या रांगेत क्लच प्लेट जाळणाऱ्या गाडीला 'ड्रायव्हर्स कार' म्हणायचं आणि हिला नावं ठेवायची?

रेडलाइन

असहमत. झीज कमी हा गॅरेजवाल्याचा निकष झाला. चालवणाऱ्याला काय मिळतं? पेडल दाबलं की इंजिन वरच्या आरपीएमला जाऊन ओरडत बसतं, वेग मागाहून येतो. कारण तुम्हीच लिहिलेल्या गिअरसेटमध्ये आहे: इंजिनचे फेरे चाकांना बांधलेले नाहीत. कंप्युटर मागणीइतकी पॉवर जिथे मिळेल तिथे इंजिन नेऊन ठेवतो. त्यात अ‍ॅटकिन्सन सायकल. इनटेक व्हॉल्व्ह उशिरा मिटतो, आत आलेली थोडी हवा परत जाते. पेट्रोल वाचतं, पण दीड लिटरमधून निघतात जेमतेम ९२ पीएस. मोटर धरून ११५ च्या आसपास.

आता बॅटरी ०.७६ किलोवॅट-तास. प्रत्यक्षात निम्मी वापरता येते असं धरा. इंजिनच्या वर मिळणारे २३ पीएस, म्हणजे १७ किलोवॅट, सलग मागितले तर दीड मिनिटात खेळ खल्लास. खोपोलीहून वर चढताना पाच माणसं, सामान, एसी, समोर रांगणारा कंटेनर. दम नेमका तिथेच सरतो.

घोडबंदर_रोड

दीड मिनिटाचा हिशोब बरोबर, पण दीड मिनिट फुल पेडल दाबून घाटात ओव्हरटेक कोण करतं? ५ टक्के चढ, भरलेली गाडी साडेपंधराशे किलो, वेग ताशी ६०: लागतात सुमारे २० किलोवॅट. इंजिन एकटं ६८ देतं. आवाज होतो हे मान्य, गाडी मात्र मरत नाही.

अडचण असलीच तर उतारावर आहे, आणि ती कुणी सांगत नाही. खंडाळ्याहून खोपोलीकडे साधारण ५०० मीटर खाली येता. एवढ्या वजनाला ती दोन किलोवॅट-तास ऊर्जा. हवा, टायर आणि रूपांतरातली घट वजा केली तरी बॅटरीत मावेल त्यापेक्षा जास्तच उरते. अर्ध्या घाटात बॅटरी फुल. मग मोटरने तयार केलेली वीज जिरवायला जनरेटर इंजिनलाच फिरवतो, पेट्रोल न जाळता. अचानक आवाज चढतो आणि नवखा माणूस घाबरतो. तो बिघाड नाही. उतार सुरू होतानाच लिव्हर 'बी'वर (इंजिनने गाडी रोखणाऱ्या मोडवर) घ्या, ब्रेक तापणार नाहीत.

आणि मुंबईत रोजचा घाट कुठे आहे? रोज आहे तो जाम. कॉम्प्रेसर विजेवर चालतो, म्हणून इंजिन बंद असतानाही एसी गार. साध्या स्टार्ट-स्टॉपवाल्या पेट्रोल गाडीत सिग्नलला एसीचा नुसता पंखा होतो. मे महिन्यात अंधेरी फ्लायओव्हरखाली याची किंमत कळते.

सीएनजी_झिंदाबाद

मजा-बिजा बाजूला ठेवा, पैशांचं बोला. वर्षाला १२,००० किमी, शहरात पेट्रोल ऑटोमॅटिक ११ आणि हायब्रिड २० देते असं धरा. वाचलं ४९० लिटर. १०४ रुपयांनी ५१ हजार. किमतीत फरक अडीच लाख धरला तर वसुलीला पाच वर्षं. सीएनजीला २० किमी किलोला पकडा, ८० रुपये भाव: वर्षाचे ४८ हजार, आणि गाडी मुळातच स्वस्त. सरकारही हायब्रिडला जवळ करत नाही. सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या वरच्या हायब्रिडला ४० टक्के जीएसटी, इलेक्ट्रिकला ५. अटल सेतूवर इलेक्ट्रिक कारला टोल माफ, हायब्रिडने मात्र भरायचा.

तिसरा_गिअर

सीएनजी पंपावरच्या रांगेतला वेळ कुठल्या खात्यात धरलात? आणि सिलिंडरने डिकी खाल्लेली असते ती वेगळीच. (डिकीचं रडगाणं हायब्रिडलाही आहे म्हणा. होंडा सिटीची ५०६ लिटरची डिकी तिच्या हायब्रिड ई:एचईव्हीमध्ये ३०६ होते. एक मोठी बॅग गेलीच.)

मिस्त्री

दोन्ही बाजू ब्रोशरमधल्या आकड्यांवर भांडताय. प्रत्यक्षात त्रास कुठे होतो ते लिहितो.

बॅटरी हवेने थंड होते आणि बऱ्याच टोयोटा हायब्रिडमध्ये हवा आत घेणारी जाळी मागच्या सीटपाशी असते. बाहेरून जाड सीट कव्हर शिवून घेतात, जाळी झाकली जाते. किंवा कुत्र्याचे केस नि धूळ फिल्टरमध्ये. पंखा जोरात फिरतो, बॅटरी तापते, आयुष्य घटतं. दर सर्व्हिसला तो फिल्टर काढून दाखवायला सांगा. कंपनीची ८ वर्षं किंवा १,६०,००० किमीची वॉरंटी आहे, पण झाकलेल्या जाळीवरून वाद घालायची वेळ येऊ देऊ नका.

बारा व्होल्टची छोटी बॅटरी वेगळी असते. गाडी महिनाभर उभी राहिली की ती बसते आणि गाडी सुरू झाल्याचं 'रेडी' येत नाही, मोठी बॅटरी भरलेली असली तरी. ढकलून सुरू होत नाही. जंपस्टार्ट चालतं, कारण फक्त कंप्युटर आणि रिले जागे करायचे असतात. या गाडीवरून दुसऱ्याला जंप मात्र देऊ नका. टो करायची तर फ्लॅटबेडच. पुढची चाकं जमिनीवर फिरली की मोटर फिरते. मिलन सबवेत पाणी भरून बंद पडली तर पुन्हा पुन्हा बटण दाबू नका, नारिंगी (हाय व्होल्टेजच्या) केबलला हात लावू नका.

तिसरं, ब्रेकच्या डिस्क गंजणं. रीजेनमुळे (वेग कमी करताना मोटर वीज बनवते त्यामुळे) ब्रेकचे पॅड कमी वापरले जातात, त्यात आपली दमट हवा. पॅड दाबणाऱ्या कॅलिपरच्या पिना अडकतात. रस्ता मोकळा, मागे कुणी नाही असं बघून ताशी ४० ला 'एन'मध्ये टाका आणि दोन-तीनदा ठाम ब्रेक दाबा. 'एन'मध्ये रीजेन होत नाही, पॅडच काम करतात.

रेडलाइन

मिस्त्रींचं सगळं कबूल, तरी माझा मुद्दा तिथेच. हायब्रिड तंत्राशी वैर नाही. फॉर्म्युला वनमध्ये २०१४ पासून व्ही६ टर्बो हायब्रिड आहे, २०१२ ला ल मांची २४ तासांची शर्यत ऑडीने हायब्रिडवर जिंकली. चीड येते ती रस्त्यावरच्या गाड्यांची. मर्सिडीज-एएमजी सी६३ चा व्ही८ काढून चार सिलिंडर आणि मोटर बसवली: ६८० पीएस, पण वजन दोन टनांच्या वर. बीएमडब्ल्यूची नवी हायब्रिड एम५ तर २,४०० किलोच्याही वर. कागदावर पॉवर वाढली, वळणात वजन लपत नाही.

घोडबंदर_रोड

दोन कोटींच्या आसपासच्या गाडीचा राग वीस-पंचवीस लाखांच्या गाडीवर काढू नका. सिटी ई:एचईव्ही चालवून बघा: शहरात इंजिन बहुतेक वेळ जनरेटरच फिरवतं, चाकांना मोटरचा २५३ एनएम टॉर्क, आणि एकसारख्या जास्त वेगात क्लच लागून इंजिन थेट चाकांना जोडलं जातं. ट्रायलला शोरूमभोवतीची चक्कर मारून उतरू नका. जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडचा चढ घ्या, ३० वरून ७० पर्यंत पूर्ण पेडल दाबा, मग सिग्नलपाशी थांबताना वेग ताशी दहा किमीच्या खाली आला की ब्रेक हलकेच सोडून पाहा. रीजेनकडून पॅडकडे जाताना जो झटका बसतो, तो तुम्हाला सहन होतो का तेवढं तपासा.