टबाच्या रॅकबद्दल: फट आणि उष्णता

दादा, बॉल पायथनसाठी (हा आफ्रिकेतला बिनविषारी अजगर) घरीच प्लायवूडचा रॅक, म्हणजे साप ठेवलेले प्लास्टिकचे टब खणासारखे आत सरकवायची मांडणी, करायचा तुमचा बेत चांगला आहे. पण तुमच्या पोस्टखाली वर कुणीतरी टबाच्या पूर्ण तळाला हीट मॅट (विजेवर तापणारी पातळ चटई) लावायला सांगितलंय, ते अजिबात करू नका. सापाला ऊब आणि गारवा दोन्ही निवडता आलं पाहिजे. मॅट फक्त मागच्या तिसऱ्या हिश्श्यात लावा, थर्मोस्टॅटशिवाय (तापमान ठरल्या अंशावर राखणारं यंत्र) तर नकोच. मागे ३१-३२ अंश, पुढे २५-२६.

खरी कसोटी फटीची. टबाला झाकण नसेल तर कड आणि वरची फळी यांत २-३ मिमीच जागा हवी; डोकं शिरलं की अख्खं पिल्लू बाहेर. म्हणून आधी टब आणा, सुताराच्या हातात द्या, मगच फळ्या कापू द्या. हवेची भोकं सोल्डरिंग आयर्नने आतून बाहेर पाडा, म्हणजे वितळलेली धार सापाच्या अंगाला लागत नाही.

बॉल पायथन परदेशी साप, त्यामुळे केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवरची त्याची नोंद विसरू नका. आपले नाग-धामण तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने पाळताच येत नाहीत. जिवंत नाग पकडून पुजायच्या शिराळ्याच्या नागपंचमीवर हायकोर्टाचे निर्बंध आले ते त्यामुळेच.

आणि सांगलीचा उन्हाळा! एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो. तेव्हा मॅट बंद, आणि रॅक पत्र्याखालच्या खोलीत मुळीच नको.