मदत हवी आहे: भावाचं कर्नलपदाचं बोर्ड आणि पुण्यातलं बिऱ्हाड

नमस्कार मंडळी. माझा मोठा भाऊ इन्फंट्रीत लेफ्टनंट कर्नल आहे, सध्या फील्डला, म्हणजे कुटुंब नेता येत नाही अशा ठिकाणी. वहिनी आणि नववीतला भाचा वानवडीत भाड्याने राहतात. यंदा दादाच्या बॅचचं नंबर 3 सिलेक्शन बोर्ड, म्हणजे लेफ्टनंट कर्नलमधून कर्नल निवडणारं बोर्ड आहे, एवढं वहिनीकडून कळलं. दादाला विचारलं तर "बघू" म्हणून विषय बदलतो. आईचं म्हणणं, दक्षिण कमांडचं मुख्यालय इथेच आहे, कुणाला तरी भेटा!

मुलाखत असते का परीक्षा? नाव आलं नाही तर नोकरी सोडावी लागते का? आणि मुख्य म्हणजे, पुण्याला बदली मिळण्याची शक्यता कधी जास्त? घराचा करार संपत आलाय, पुढच्या वर्षी दहावी.

घोरपडीकर: ताई, आईंना सांगा की बोर्ड दिल्लीचं, अधिकाऱ्यांच्या बढत्या-बदल्या बघणाऱ्या मिलिटरी सेक्रेटरी शाखेकडचं. दक्षिण कमांडचा त्यात संबंध नाही. मुलाखत नाही, परीक्षाही नाही. बोर्डापुढे अधिकारी जात नाही, त्याची कागदपत्रं जातात, तीही नाव झाकून. 100 पैकी 95 गुण सीआर (वरिष्ठांनी लिहिलेले गोपनीय अहवाल), कोर्स, शौर्यपदकं अशा गोष्टींचे आधीच मांडलेले असतात. बोर्डाच्या हातात उरतात 5. दादांनी कंपनी कमांड केली तेव्हाचे सीआर आता कुणाला भेटून बदलत नाहीत. पण त्या 5 गुणांवरूनही लोक कोर्टात गेलेत, म्हणजे वरच्या टोकाला चुरस किती असते बघा.

पहिल्यांदा नाही झालं तर आणखी दोन संधी असतात, फर्स्ट रिव्ह्यू आणि फायनल रिव्ह्यू. मात्र तिथे पास झालं तर सीनियॉरिटी मागे जाते. तिन्हीत नाही झालं तरी नोकरी जात नाही. अधिकाऱ्यांच्या बढत्यांवरच्या अजय विक्रम सिंग समितीनंतर, 2004 पासून, 26 वर्षं सेवा झाली की टाइमस्केल कर्नल, म्हणजे निवडीशिवाय सेवेच्या वर्षांवर कर्नल, होता येतं. इन्फंट्रीत निवृत्ती 54 व्या वर्षी. निकालावर अन्याय वाटला तर स्टॅट्युटरी कंप्लेंट (कायद्यानुसार करायची तक्रार), मग आर्म्ड फोर्सेस ट्रायब्युनल, म्हणजे सैन्यदलांचं न्यायाधिकरण.

खडकीची सून: पुण्याचं मी सांगते, कारण हे भोगलंय. बोर्डात नाव आलं तर बटालियनची कमांड, आणि बटालियन जिथे असेल तिथे जायचं. राजस्थान म्हणा, ईशान्य म्हणा, पसंती कोण विचारतंय. पीस स्टेशन (फील्ड नसलेलं ठिकाण) असेल तर कुटुंब सोबत जातं, आणि सीओची, म्हणजे बटालियनच्या कमांडिंग ऑफिसरची, बायको म्हणजे बिनपगारी नोकरी हेही वहिनींना आधीच सांगून ठेवा. बोर्डात नाव नाही आलं तर पुढे स्टाफची, म्हणजे मुख्यालयांतली कामं येतात, त्यात पुणं लागू शकतं, निवृत्तीच्या आधी तर लास्ट लेग पोस्टिंग (शेवटची, पसंतीच्या जागची बदली) मागताही येतं. म्हणजे तुमच्या सोयीचं आणि दादाच्या मनातलं एकमेकांच्या विरुद्ध आहे. म्हणूनच तो बोलत नसेल. त्याला पुण्याबद्दल विचारू नका, निदान निकाल लागेपर्यंत.

भाच्याला दहावीपर्यंत हलवू नका. दादा फील्डला आहे तोवर सेपरेटेड फॅमिली क्वार्टरसाठी (फील्डवरच्यांच्या कुटुंबांना मिळणारं सरकारी घर) स्टेशन हेडक्वार्टरला, म्हणजे इथल्या लष्करी कार्यालयाला, अर्ज करा, वेटिंग मोठं असतं.

मी: दोघांचेही आभार. निकाल कळतो कसा?

घोरपडीकर: डिक्लासिफाय होतो, म्हणजे तोवर गुप्त ठेवलेला निकाल खुला करतात. बोर्ड झाल्यावरही महिनोनमहिने लागू शकतात. तुम्हाला कळेल वहिनींकडूनच.

मी: मग घराचा 11 महिन्यांचा करार करून टाकते. क्वार्टरच्या अर्जाला कोणकोणते कागद लागतात?