वॉलनट स्ट्रीटचा पूल: सोसायटी ग्रुपवर रविवार सकाळची चर्चा

*सुनंदाकाकू (बी-३०४):* [फोटो] लेकीकडून सगळ्यांना नमस्कार. हा अमेरिकेतल्या चॅटानूगा शहराचा वॉलनट स्ट्रीट पूल, मागच्या खेपेचा फोटो. खाली टेनेसी नदी. पूल १८९१ सालचा, २,३७६ फूट लांब. यावर गाड्यांना मज्जाव. नुसती चालणारी माणसं, कुत्री आणि बाबागाड्या.

*देशमुखकाका (ए-१०१):* गाड्या नाहीत म्हणजे धोकादायक झाला असणार. दुसरं काय!

*सुनंदाकाकू:* बरोबर ओळखलंत. १९७८ ला तेवढ्यासाठीच बंद केला. पाडायचंच घाटत होतं, पण गावकरी आडवे आले. पाडायला ठेवलेले पैसे दुरुस्तीकडे वळवले, वर लोकांनी आपापल्या नावाच्या पाट्या लावून देणग्या दिल्या. १९९३ ला चालणाऱ्यांसाठी उघडला.

*अमोल, सेक्रेटरी:* आणि आपली लिफ्टची वर्गणी तीन स्मरणपत्रं पाठवूनही निघत नाही 😄

*बापटसाहेब (बी-२०१):* टेनेसी म्हटलं की टीव्हीए, म्हणजे त्या खोऱ्यात धरणं बांधणारी तिथली सरकारी संस्था. आमच्या पाटबंधारे खात्यात जुन्या साहेबांच्या तोंडी सतत हेच नाव असायचं. आपलं दामोदर खोरे महामंडळ १९४८ ला झालं ते त्याच धर्तीवर. सुनंदाताई, तिथे पुराच्या खुणा कुठे आहेत का?

*सुनंदाकाकू:* आहेत तर. १८६७ च्या मार्चमध्ये नदी ५८ फुटांवर गेली होती, आणि इथे ३० फुटांना पूर धरतात. त्यानंतर मधल्या वस्तीतले रस्ते भर टाकून उंच केले. जुन्या इमारतींचे तळमजले जमिनीखाली गेले. काही तळघरांत आजही दाराखिडक्यांच्या कमानी दिसतात, समोर नुसती माती!

*बापटसाहेब:* आणि चिकमौगा धरण १९४० चं. शहराच्या वरच्या अंगाला. गावाचा जीव तिथून भांड्यात पडला. अर्थात धरणाखाली कुणाची शेतं गेली तेही विचारायला हवं. ते कुणी फोटोत दाखवत नाही.

*देशमुखकाका:* काही म्हणा, तिकडे सगळं शिस्तीत. हवा स्वच्छ, नदी स्वच्छ.

*सुनंदाकाकू:* अहो कसली स्वच्छ! १९६९ मध्ये केंद्र सरकारनेच या गावाची हवा देशात सगळ्यात घाण ठरवली होती. ओतकामाच्या भट्ट्या, कोळसा, आणि भोवती डोंगर, त्यामुळे धूर इथेच कोंडायचा. लेकीच्या शेजारच्या आजी सांगतात, भरदुपारी गाड्यांचे दिवे लावायला लागायचे आणि ऑफिसला जाताना पुरुष जादा शर्ट नेत. हवा सुधारली ती कायद्याचा बडगा बसल्यावर. काही भट्ट्या तर धंदाच बसल्यामुळे बंद पडल्या.

*अमोल, सेक्रेटरी:* काकू, आम्हा आयटीवाल्यांना चॅटानूगा माहीत आहे ते इंटरनेटमुळे. २०१० ला तिथल्या सार्वजनिक वीज मंडळाने घरोघरी सेकंदाला एक गिगाबिट इतकं वेगवान कनेक्शन द्यायला घेतलं. खासगी कंपन्या कोर्टात गेल्या होत्या, पण हरल्या.

*सुनंदाकाकू:* हो, जावई त्याचंच कौतुक सांगतात. त्याआधी १९८४ ला ‘व्हिजन २०००’ म्हणून जाहीर बैठका झाल्या. १,७०० लोक आले, त्यातून चाळीस कामांची यादी निघाली. १९९२ चं मत्स्यालय हे त्याच काळातलं. साडेचार कोटी डॉलर लागले, सगळे खासगी देणग्यांतून.

*रेश्मा वकील (सी-४०३):* काकू, पुलाचं अर्धंच सांगितलंत. ‘युनायटेड स्टेट्स विरुद्ध शिप’ या गाजलेल्या खटल्यातला पूल हाच ना? एड जॉन्सनचा?

*सुनंदाकाकू:* हाच गं. लिहू की नको असं चाललं होतं माझं.

*रेश्मा वकील:* लिहिते मी. १९०६. एका गोऱ्या मुलीवर हल्ला झाला, एड जॉन्सन या कृष्णवर्णीय तरुणाला पकडलं, काही आठवड्यांत फाशीची शिक्षा. कोर्टाने दिलेल्या वकिलांनी अपील करू नकोस म्हणून सांगितलं. नोआ पार्डन आणि स्टाइल्स हचिन्स या दोन कृष्णवर्णीय वकिलांनी मात्र केस हातात घेतली. पार्डन थेट वॉशिंग्टनला गेले, न्यायमूर्ती हार्लन यांना भेटले. सुप्रीम कोर्टाने फाशी थांबवली. त्याच रात्री, १९ मार्चला, जमाव तुरुंगात शिरला. पहारा जवळपास नव्हताच. एडला ओढत या पुलावर आणलं आणि लटकवलं. वर गोळ्याही घातल्या.

*देशमुखकाका:* रविवारी सकाळी कशाला हे? ताईंनी चांगला फोटो टाकला होता.

*रेश्मा वकील:* काका, फोटोतला पूलच तो आहे. पुढे आपला आदेश धुडकावला म्हणून सुप्रीम कोर्टाने स्वतः फौजदारी खटला चालवला. त्या कोर्टाच्या इतिहासात एवढा एकच. १९०९ ला शेरिफ शिप, म्हणजे तो तुरुंग ज्याच्या ताब्यात होता तो अधिकारी, आणि आणखी पाच जण दोषी. शिक्षा किती? शिपला ९० दिवस. सुटून गावी आला तेव्हा स्वागताला ही गर्दी. आणि पार्डन, हचिन्स? त्यांना गाव सोडायला लागलं.

*सुनंदाकाकू:* एडची शिक्षा इथल्या न्यायाधीशांनी रद्द केली २००० साली. पुलाच्या दक्षिण टोकाला स्मारक झालं २०२१ ला. एड चालत निघालाय आणि दोघे वकील उभे आहेत, असे ब्राँझचे पुतळे. चबुतरा नाही, आपल्याच उंचीवर. एडच्या थडग्यावर त्याचे शेवटचे शब्द कोरलेत, ‘देव तुम्हा सगळ्यांचं भलं करो, मी निर्दोष आहे.’ पूल वाचवायला या गावाला पंधरा वर्षं लागली, हे स्मारक उभारायला एकशे पंधरा.

*बापटसाहेब:* रेश्मा, शाबास. देशमुख, असं वाचायचं असतं.

*देशमुखकाका:* वाचलं हो. पण ही सगळी १९०६ ची गोष्ट झाली. आता काय त्याचं?

*रेश्मा वकील:* १९८९ चं सांगू? तोपर्यंत तिथे महापौर आणि चार आयुक्त कारभार बघायचे. पाचही जण अख्ख्या शहराच्या मतांवर निवडून येत. कृष्णवर्णीय वस्ती मोठी, तरी जागा मिळवणं महाकठीण. टॉमी ब्राउन या प्राध्यापिका आणि इतर काही नागरिक कोर्टात गेले. कोर्ट म्हणालं, ही पद्धत मतदान हक्काच्या कायद्यात बसत नाही. १९९० पासून नऊ प्रभाग, प्रत्येकाचा आपला नगरसेवक.

*देशमुखकाका:* अख्ख्या शहराने मत दिलं तर बिघडलं कुठे? उलट जास्त लोकशाही.

*रेश्मा वकील:* काका, आपल्या कमिटीचंच घ्या. सगळी सोसायटी मिळून मतदान. ए आणि बी विंगचे मिळून ऐंशी फ्लॅट, सी चे वीस. सी मधला माणूस निवडून येणार कसा?

*संजय (सी-१०२):* 👆👆👆 आणि म्हणून सी विंगच्या गच्चीची गळती दोन पावसाळे तशीच आहे.

*अमोल, सेक्रेटरी:* संजय, गळतीचं कोटेशन मागवलंय. इथे नको, कमिटी ग्रुपवर बोलू.

*संजय (सी-१०२):* कमिटी ग्रुपवर सी विंगचं कुणी आहे का?

*देशमुखकाका:* हा मुद्दा मात्र सभेत घ्यायला हवा. रेश्मा, त्या चॅटानूगाच्या निकालाची प्रत मिळेल का? सोप्या मराठीत, दोन पानांत.