नववा आठवडा चालू आहे, बाळाचे हातपाय बघायला सोनोग्राफी कधी आणि कुठे करावी?

जिंतूरची सून
माझ्या जावेचं बाळ डाव्या कोपराखाली हात नसलेलं जन्मलं. तिची सोनोग्राफी एकदाच झाली, तीही सातव्या महिन्यात, आणि कुणी काही बोललं नाही. सासूबाई म्हणतात, ग्रहणात विळी हातात धरली म्हणून झालं. मला रात्ररात्र झोप नाही. परभणीत करू की संभाजीनगरला जाऊ?

सोनोग्राफीवाली, लातूर
ताई, आधी जावेला सांगा, विळीचा काही संबंध नाही. ती बाई उगाच स्वतःला दोष देत बसली असेल. एकाच हाताचा असा भाग नसणं बहुतेक वेळा घराण्यात उतरतही नाही.

आता घाई नको, बाळ जेमतेम अडीच सेंटिमीटरचं आहे. ११ आठवडे ते १३ आठवडे ६ दिवस या काळात एनटी स्कॅन होतो, म्हणजे बाळाच्या मानेमागचं पाणी मोजणारी सोनोग्राफी. मी तर बारा पूर्ण झाल्यावरच बोलावते. तेव्हा अख्खं बाळ एका चित्रात मावतं, पंजे बऱ्याचदा उघडे असतात. सातव्या महिन्यात हातपाय अंगाखाली दडतात, जावेच्या वेळी कदाचित तसंच झालं असेल. टेबलावर झोपण्याआधीच जावेच्या बाळाचं सांगा. दंड, कोपराखालचा भाग, पंजा. मांडी, पोटरी, पाऊल, दोन्ही बाजूंचं सगळं दिसलं का ते विचारा आणि रिपोर्टात लिहून घ्या. पोटावरून नीट दिसलं नाही तर आतून, म्हणजे योनीमार्गातून करतात, घाबरू नका.

तरी १८ ते २० आठवड्यांचा स्कॅन चुकवू नका. पाऊल वाकडं आहे का, हाडं आखूड आहेत का, हे लवकर खात्रीनं कळत नाही. रक्तातली साखर मात्र आजच तपासा, ती वाढलेली असली तर बाळाच्या घडणीवर परिणाम होतो.

परभणीत एनटी स्कॅन नेहमी करणारं कुणी असेल तर तिथंच करा. शंका निघाली तर संभाजीनगरला, घाटीत (तिथल्या सरकारी रुग्णालयात) किंवा गर्भतपासणीच्या तज्ज्ञाकडे. सोनोग्राफीसाठी कायद्यानं लागणारा फॉर्म एफ भरून घेतील, आधार कार्ड ठेवा.

हिंगोलीकर आई
माझ्या मुलाचं पाऊल वाकडं आहे हे विसाव्या आठवड्यात कळलं. रडून रडून डोळे सुजले होते. जन्मल्यावर दर आठवड्याला प्लास्टर बदललं, मग रात्रीचे बूट. आता शेतात पळतो.

जिंतूरची सून
सोनोग्राफीवाल्या ताई, जावेला तुमचं वाचून दाखवलं. तिनं पुन्हा वाचायला लावलं. साखर उद्याच तपासते, आणि तिलाच सोबत घेऊन बाराव्या आठवड्यानंतर परभणीला जाते.